हिरवी वायर

“...मग याला शक्तिपात नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं, माताजी?”

दिगंबरराव पोतनीस ओल्या पंच्यानिशीच धावत आले होते. निवृत्त उपजिल्हाधिकारी. साधनेला तीस वर्षं झाली, हे ते नाव सांगतानाच सांगत.

विरजामाता मटार सोलत होत्या. वय चौतीस. संन्यासाआधी पाच वर्षं घरोघरी वायरिंगची कामं केलेली. हे त्या कुणी विचारलं तरच सांगत.

“कुठे झाला?”

“मठाच्या न्हाणीघरात. नळाला हात लावला आणि बोटांपासून खांद्यापर्यंत... झण्णकन!”

“गरम पाण्याचा नळ?”

“शक्तीला गरम-गार असतं का? तुमचं वय लहान, म्हणून सांगतो...”

“कधीपासून होतंय?”

“आठ दिवस. रोज.”

“पायात काय असतं?”

“काही नाही! देवापुढे कुणी चपला घालून जातं का?”

मातेचा हात थांबला.

“आणखी कुणाला सांगितलंत?”

“सगळ्यांना! उद्या उत्सव आहे ना. चाळीस जणांची रांग लावतोय नळापाशी. पहिला मान आमच्या सौ.चा. पेसमेकर बसवल्यापासून फार खचलीय बिचारी.”

विरजामाता उठल्या. मटार अंगणभर सांडले. व्हरांड्यातल्या लाइटच्या बोर्डापाशी गेल्या, परत आल्या. एक मूठ मिटलेली.

“जा. पुन्हा घ्या अनुभव.”

दिगंबररावांनी नळ धरला. डोळे मिटले.

...

नळ सोडला. पुन्हा धरला. मग दोन्ही हातांनी धरला. मग कपाळही टेकवून पाहिलं. शेवटी अंगणात परत आले.

“आज कृपा होत नाहीये, माताजी. तुमच्या मनात काही शंका आली असणार.”

मातेने मूठ उघडली. तळहातावर चिनी मातीचा पांढरा फ्यूज.

“ही घ्या तुमची कृपा.”

दिगंबररावांनी फ्यूज उलटसुलट करून पाहिला.

“गिझर बिघडलाय. करंट नळात उतरतोय,” माता म्हणाल्या. “पण तो तुमच्यापर्यंत पोचायलाच नको होता. परस्पर जमिनीत न्यायला अर्थिंगची वायर आहे. मीठ-कोळसा घालून तिचा खड्डा मी स्वतः भरलाय.”

“अर्थिंगची म्हणजे... हिरवी?”

“हिरवी.”

“न्हाणीघराच्या भिंतीवरून खाली उतरणारी?”

“तीच. कुठाय?”

दिगंबररावांनी घसा खाकरला. पंचा सारखा केला. मग फाटकाकडे पाहिलं.

फाटकावर सहा फुटी नवी पाटी होती: ‘साधकशिरोमणी दिगंबरराव पोतनीस, से. नि. उपजिल्हाधिकारी, ज्येष्ठ शिष्य, आपले स्वागत करीत आहेत.’ दोन्ही टोकांना हिरव्या वायरीच्या घट्ट गाठी. उरलेल्या वायरीची फुलं केलेली.

“मी आधी नीट चौकशी केली होती, माताजी,” दिगंबरराव म्हणाले. “दोन दिवस स्वतः बसून पाहिलं. काही म्हणजे काहीच काम करत नव्हती ती. नुसती पडून होती!”

विरजामाता स्टुलावर चढल्या आणि पहिली गाठ सोडवू लागल्या.

“नुसतं पडून राहणं,” त्या म्हणाल्या, “अख्ख्या मठात तिला एकटीलाच जमलं होतं, दिगंबरराव.”