हौसाक्काचा खोकला

यंत्रं माणसांशी बोलत असत, त्या काळी हौसाक्काच्या वखारीत लाकडं फोडणारं पेट्रोलचं यंत्र होतं. ताकदीचं, पण धूर ओकणारं. हौसाक्काला खोकला जडला, म्हणून तिने विजेवर चालणारं नवं यंत्र आणलं.

“बाभळीचा ओंडका फुटेल का याच्याने?” जुनं यंत्र फणकारलं.

“फार जाड असेल तर नाही फुटणार,” नव्याने खरं सांगितलं. “पण माझा धूर होत नाही.”

तेवढ्यात हौसाक्का खोकत खोकत खाली बसली. इतकी वर्षं स्वतःच्या धडधडाटात जुन्या यंत्राला तो खोकला कधी ऐकूच आला नव्हता.

“अक्का,” ते हळूच म्हणालं, “मला बाहेर चिंचेखाली ठेव. जाड ओंडके आले तरच हाक मार. आत हेच राहू दे.”

हौसाक्काने पदराने त्याची धूळ पुसली.