मोज्यातले घुंगरू

एकदा एक शिष्या शर्यतीची सायकल घेऊन आपल्या गुरूंच्या अंगणात उभी राहिली. गुरू म्हटल्यावर डोळ्यांपुढे जटा आणि दाढी आली असेल, तर ती कृपया पुसून टाका. हे गुरू म्हणजे कराडचे निवृत्त भूगोलशिक्षक. अंगात हाफपँट, आणि सत्तरी उलटली तरी सायकलवरून घाट चढणारे. सारे त्यांना बापू म्हणत. शिष्येचे नाव शर्वरी. सायकलवरून दूरचा प्रवास कसा करावा, हे ती त्यांच्याकडे शिकत होती.

सायकल तिच्या थोरल्या भावाची होती. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्याला सायकल कायमची वर्ज्य केली, आणि तो गुहागरला जाऊन राहिला. "एकदा तरी ती स्वतःच्या चाकांवर माझ्या दारात आलेली बघायचीय," एवढेच त्याने मागितले होते. शर्वरीने शब्द दिला. पण वाटेत कपडे, पाणी, पंक्चरचे सामान न्यायचे तर कॅरिअर हवे, आणि शर्यतीच्या सायकलला ते बसवायला भोकेच नसतात.

"ड्रिल मारून घेऊ का बापू? दुकानदार म्हणतो, चुटकीसरशी होईल."

"अगं, खुळी की काय! किती पातळ नळी आहे ती. भोक पाडलंस तर घाटात मोडेल, आणि दादाच्या दारात ही टेम्पोतून उतरेल."

मग बापू कामाला बसले, आणि काय काम ते! जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी नळ्यांभोवती गुंडाळल्या, त्यांवर पत्र्याच्या कड्या आवळून हलके कॅरिअर बसवले. टाच लागू नये म्हणून पिशव्या मागे सरकवल्या, जड सामान तळाशी घातले. सायकलला एक ओरखडा नाही. शर्वरी बघतच राहिली.

आणि तेवढ्यात बापूंनी एक विचित्र गोष्ट केली. सीटखाली दादाने पहिली शर्यत जिंकल्यावर बांधलेले घुंगरू होते. ते त्यांनी सोडले, शर्वरीच्या मोज्यात गुंडाळले आणि पिशवीच्या तळाशी कोंबले.

शर्वरीचे डोळे भरून आले. "बापू, ते दादाचं आहे! त्याचा आवाज ऐकूनच तो बाहेर येईल."

"दादाचंच आहे, म्हणून तर जपून ठेवलं," बापू शांतपणे म्हणाले. "हे बघ, आजवर ही एकटी धावत होती. आता तिच्यावर भार आहे. भार आला की रस्त्याचा प्रत्येक हादरा नटांना ढिलं करतो. मी कितीही आवळले तरी करणारच. पण नट सुटण्याआधी सांगतो, बाळ. फार हळू सांगतो. त्याच्यापेक्षा मोठ्यानं दुसरं काही वाजत असेल, तर ते तुला ऐकू येणार नाही. ते कानातलं गाण्याचं यंत्रही ठेव आत."

शर्वरीने ऐकले, पण मनातून ती रुसलेलीच निघाली.

कुंभार्ली घाटाच्या उतारावर वारा पडला होता. चाके इतकी निःशब्द फिरत होती की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्या शांततेत पाठीमागून आवाज आला. टिक. पुढच्या खड्ड्यात पुन्हा टिक. ती थांबली, खाली वाकली. कॅरिअरचा डावा नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. अजून एखादे वळण, की कॅरिअर पिशव्यांसकट चाकात गेले असते. नट आवळून झाल्यावर ती कितीतरी वेळ कराडच्या दिशेने बघत रस्त्याकडेला बसून राहिली.

गुहागरला दादा ओटीवर बसला होता. ती अगदी समोर आली तेव्हा दचकून उठला.

"अगं, घुंगरू कुठाय? मी सकाळपासून कान लावून बसलोय. चाहूलच लागली नाही तुझी!"

तिने मोजा उलगडून घुंगरू त्याच्या हातात दिले आणि घाटातली हकिगत सांगितली. त्याने तिला सायकल मागून उचलायला लावली, चाकाला हात दिला आणि कान जवळ नेला. चाक फिरत राहिले. त्याचे डोळे मिटलेले होते.

"काय सुरेख चालतेय गं," तो पुटपुटला.

मग त्यानेच ते घुंगरू नीट मोज्यात गुंडाळले आणि पिशवीच्या तळाशी ठेवले.

"असू दे आतच. तुला परत घाट चढायचाय."