कानातलं यंत्र टेबलावर

इटालियनच्या वर्गात भडकमकर सरांचा दरारा मोठा. क्रियाविशेषण उच्चारताना त्याचे तुकडे पाडायचे, नेमक्या तुकड्यावर जोर द्यायचा; चुकलात की तुमची खैर नाही. नाव घालायला आलेल्या सरोजिनीबाई टिपणिसांच्या कानात यंत्र दिसलं, तशी सरांनी त्यांचा अर्ज परत ढकलला.

"ही कानांची भाषा आहे, बाई. तुम्ही आपलं विणकाम करा."

वर्ग खिदळला. पण बाईंची नात मिलानमध्ये नुकती बोलायला लागली होती, आणि तीही इटालियनच. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"घ्या परीक्षा."

सर ऐटीत म्हणाले, "लेंतामेंते."

"चार तुकडे. जोर तिसऱ्यावर."

"वेलोचेमेंते!"

"पाच. चौथ्यावर."

"सूबितो!"

"तीन. पहिल्यावर."

तिन्ही उत्तरं बरोबर. सरांनी घाम पुसत यंत्र बाईंच्या हातात दिलं आणि ते कानात बसताच विचारलं, "अहो, ऐकू आलं कसं?"

"ऐकलंय कुठे? दर तुकड्याला तुमची हनुवटी डुलते आणि जोर आला की डावी भुवई कपाळात जाते. भाषा कानांची असेल हो सर, पण शिकवताय तुम्ही भुवईनं!"

सरांनी अर्ज निमूट जवळ ओढला. तेव्हा मात्र दोन्ही भुवया खाली होत्या.