बुवांच्या मरणाची तालीम

“मी गेलो, तेव्हा तू कुठं होतास रे?”

हेमगीरबुवांनी आपल्या शिष्याला हा प्रश्न विचारला, आणि हे शब्दशः खरं आहे. गळ्याची आण. सांगणारा तेव्हा दोन हात अंतरावर उभा होता. म्हणजे, उभा नव्हता, खांबाला टेकून बसला होता. म्हणजे, खरं सांगायचं तर त्या दुपारी तो सांगलीला मेहुणीच्या साखरपुड्यात पंगतीला बसला होता. पण प्रश्न खरा आहे.

शिष्य कफनी सावरू लागला.

“अरे, विचारतोय मी. मेलेल्या माणसाला दोनदा विचारायला लावू नये.”

“खोलीत होतो, बुवा. कॉम्प्युटरपाशी.”

“म्हणजे मी गेलो तेव्हा माझ्याजवळ कोणीच नव्हतं.”

“तुम्ही गेला नाहीत, बुवा…”

“बाहेर जाऊन सांग.”

बाहेर सोनटेकडीच्या मठाचं अंगण माणसांनी भरलं होतं. बुवांच्या गळ्यात अंत्यदर्शनाचे हार होते. लोकांनी आणले होते, परत कुठे न्यायचे? म्हणून जिवंत माणसालाच घालून टाकले. एक पाथरवट समाधीच्या चिऱ्यांचं माप घ्यायला आला होता. आलोच आहे तर, म्हणून त्याने मापही घेतलं. बुवांनी शिंप्यापुढे धरतात तसे दोन्ही हात बाजूला धरले.

“सैल ठेव,” म्हणाले, “पावसाळ्यात मी फुगतो.”

पाथरवट हसला नाही. त्याची एक खेप फुकट गेली होती.

शिष्याचं नाव सोमगीर. हे बुवांनी दिलेलं. त्याआधी तो सौमित्र केळशीकर होता, हिंजवडीतल्या एका कंपनीत कामांच्या साखळ्या बांधायचा. म्हणजे असं, की एक काम संपलं की दुसरं आपोआप सुरू व्हावं, दुसरं अडलं तर तिसऱ्याने थांबावं, आणि माणसाने मध्ये हात घालू नये. नोकरी सोडून, मुंडण करून, भगवी कफनी घालून तो टेकडीवर आला आणि आल्या आल्या म्हणाला, “बुवा, तुमचा मठ अजून माणसांच्या आठवणीवर चालतो.”

“मग कशावर चालावा?”

“व्यवस्थेवर.”

बुवांनी मान हलवली. होय की नाही, ते त्यांच्या मानेवरून कधीच कळायचं नाही.

सोमगीरने साखळी बांधली. पहाटे पंप सुरू, टाकी भरली की घंटा, घंटा झाली की चूल पेटवायचा निरोप, पौर्णिमा आली की सगळ्या भक्तांच्या फोनवर आमंत्रण. चूल सांभाळणाऱ्या अंजिराबाईंकडे फोन नव्हता, त्यामुळे त्या पूर्वीसारख्याच उठायच्या आणि चूल पूर्वीसारखीच पेटायची. सोमगीर मात्र समजायचा, निरोपामुळे पेटली.

बुवांनाही त्याने शिकवलं होतं. मोठ्या हौसेने.

“हे बघा, बुवा. सेटिंगचे दोन गठ्ठे आहेत. त्याला प्रोफाइल म्हणायचं. एकाचं नाव ‘तालीम’, दुसऱ्याचं ‘प्रत्यक्ष’. साखळी तीच, पण तालीम चालू असली की घंटा वाजत नाही, नुसती नोंद होते. निरोप एकट्या माझ्या फोनवर येतात. प्रत्यक्ष चालू असली की मग सगळं खरं.”

“आणि कोणतं चालू आहे, हे कळायचं कसं?”

“वर पाटी असते. पहिला नियमच तो. चालवण्याआधी बघायचं असतं.”

“छान नियम आहे,” बुवा म्हणाले होते.

आता ते हार काढून एकेक खुंटीला अडकवत होते.

“माझ्या मरणाची साखळी कधी बांधलीस?”

“तुम्हाला मागे छातीत धरलं होतं ना, तेव्हा. भोगले म्हणाले, बुवांचं काही बरंवाईट झालं तर गोंधळ नको.”

भोगले म्हणजे मठाचे मुख्य विश्वस्त. सकाळी खबर मिळताच सगळ्यांच्या आधी गाडी घेऊन आले होते ते.

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…”

“साखळीत काय काय होतं?”

सोमगीरचा आवाज जरा सुधारला. आपलं काम सांगताना माणसाचा सुधारतोच. “डॉक्टरांचा दाखला आला की घंटा. घंटा झाली की निरोप. निरोप गेले की फुलं, मांडव, खिचडी. त्यानंतर समाधी. आणि मग…”

“मग?”

“मग गादी.”

बुवांनी शेवटचा हार खुंटीला लावला. झेंडूचा होता, जड होता, खुंटी वाकली.

“आज चालवलीस.”

“तालीम म्हणून, बुवा! खोटा दाखला घातला आणि चालवली. पाटीवर ‘तालीम’च होतं. मी बघितलं होतं. तुमची शपथ.”

“माझी कशाला? मी गेलेला माणूस. मग लोक कसे आले?”

आता इथे सोमगीरची मान खाली गेली. चूक अशी होती, की दुसऱ्या कुणाला ती करताच आली नसती. त्यासाठी सौमित्र केळशीकरच असायला हवा.

सकाळी त्याने पौर्णिमेचं आमंत्रण पाठवलं होतं. घाई होती, म्हणून प्रोफाइल न लावताच त्याने कॉम्प्युटरच्या खिडकीत हातानेच एक ओळ लिहिली: निरोप सगळ्या भक्तांना. हाताने दिलेली सेटिंग प्रोफाइलपेक्षा वरचढ असते. प्रोफाइल काहीही म्हणो, ऐकलं जातं ते हाताचं. आणि ती खिडकी बंद करेपर्यंत हाताचंच राज्य. मग त्याने त्याच खिडकीत ‘तालीम’ लावली. पाटी बदलली. हाताने लिहिलेलं तसंच राहिलं.

त्यामुळे घंटा वाजली नाही. घंटेने तालमीचा मान राखला. फुलांची मागणी गेली नाही, मांडवाची गेली नाही. निरोप तेवढे गेले. सगळ्यांना.

लोक रडत टेकडी चढले, तर मठात कुणाला पत्ताच नाही. पहिल्या बाईने अंजिराबाईंच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, “बुवा कधी गेले हो?”

“कुठं गेलेत?” अंजिराबाई म्हणाल्या. “मागं लसूण सोलत बसलेत. गेले असतील तर लसणाची पाटी तेवढी घेऊन या माझी.”

हे सगळं सोमगीरने सांगितलं. अडखळत, पण नीट सांगितलं. समजावून सांगण्यात तो हुशारच होता.

बुवांनी ऐकून घेतलं. मग ते त्याच्याकडे बघत राहिले. तासलेल्या डोक्यापासून कफनीच्या काठापर्यंत, सावकाश.

“पाटीवर ‘तालीम’च होतं, बुवा,” सोमगीर पुन्हा म्हणाला.

“तुझी पाटी मीही वाचलीच होती की,” बुवा म्हणाले.

…

अंगणातून भोगल्यांचा आवाज येत होता. आलेल्यांना चहा तरी द्यायचा की नाही, यावर ते कुणाशी तरी वाद घालत होते.

“निरोपात काय लिहिलं होतंस? वाच.”

“बुवा, नको…”

“माझ्या मरणाची बातमी. गावाने वाचली, मी नको वाचायला?”

सोमगीरने फोन काढला. घसा साफ केला. “परमपूज्य हेमगीर महाराज ब्रह्मलीन झाले. गादीवर…”

“हां.”

“गादीवर त्यांचे पट्टशिष्य सोमगीर महाराज विराजमान होत आहेत.”

“पट्टशिष्य,” बुवांनी शब्द चघळून पाहिला. “हे नाव कोणी घातलं तिथं?”

“ती जागा रिकामी चालत नाही, बुवा. रिकामी ठेवली की साखळी पुढे सरकत नाही. तालमीसाठी काहीतरी घालावं लागतं. नमुना म्हणून घातलं.”

“तालमीत नमुना. बरोबर. आणि प्रत्यक्षमध्ये कोणाचं नाव आहे?”

सोमगीर फोन कफनीत ठेवू लागला.

“सोमगीर, तुला विचारतोय.”

“प्रत्यक्षमध्ये काहीच लिहिलेलं नाही, बुवा. खरंच नाही. मी हात लावला नाही.”

“मग मी खरोखर गेलो असतो, तर साखळी तिथं अडली असती.”

“नाही… अडली नसती.”

“का?”

“काही लिहिलेलं नसलं, की मूळचं चालतं. आधीच ठरवून ठेवलेलं. डिफॉल्ट म्हणतात.”

“आणि मूळचं काय आहे?”

सोमगीरने खुंटीकडे बघितलं, हारांकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं.

“माझं नाव.”

“ते कोणी ठरवलं?”

“…मी.”

“कधी?”

“आलो त्या वर्षी.”

“दीक्षेच्या आधी, की नंतर?”

सोमगीर फोनची काच पुसू लागला. बुवांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी लसणाची एक पाकळी कफनीच्या घडीतून काढली, सोलली आणि तोंडात टाकली. छातीला बरी असते म्हणायचे.

“भोगले आले ते सरळ तुझ्या पायाशी वाकले,” बुवा म्हणाले. “आत यायच्या आधी. मला बघायच्या आधी.”

“तुम्ही पाहिलंत?”

“मागच्या दारात होतो. लसणाची पाटी हातात होती. म्हणाले, ‘नवे महाराज, आता तुम्हीच.’ तुला कळलं तेव्हा, काय घडलंय ते?”

“त्याच क्षणी कळलं, बुवा. शपथ. पोटात गोळा आला.”

“गोळा पोटात आला. पाय मागं नाही आले.”

“घाईत… सुचलंच नाही.”

“सगळ्या रांगेने डोकं टेकवलं. शेवटच्या म्हातारीपर्यंत. रांग हलत होती, तू हलत नव्हतास. मी म्हटलं, पोराला अडवायला नको. मी लसूण सोलून संपवला.”

सोमगीर कोसळलाच. बुवांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, “मी आत्ता दुसरा निरोप पाठवतो. बुवा हयात आहेत, तांत्रिक चूक झाली, क्षमस्व. आत्ता, या क्षणी.”

“नको.”

“का, बुवा?”

“लोकांचं रडून झालंय. आता जिवंत आहे म्हणून कळवलंस, तर पुढच्या खेपेला कोण चढेल ही टेकडी?”

ते म्हणाले हसतच. पण बाहेर भोगले खरोखरच पाथरवटाला सांगत होते, की माप घेतलंयस ते जपून ठेव, लागेलच. आणि बुवांना पाहून ज्यांचे डोळे निवले, त्यातले बरेच जण घड्याळ बघत होते. जो माणूस मेला म्हणून आपण रजा टाकली, तो लसणाच्या वासासकट समोर उभा राहिला, की माणसाला आनंद होतो, नाही असं नाही. पण रजेचं काय?

अंजिराबाई आत डोकावल्या. “बुवा, दूध घेताय ना? सायीचं आहे.”

“आज नको, बाई.”

अंजिराबाईंनी एकदा बुवांकडे बघितलं, एकदा सोमगीरकडे. मग चुलीकडे न जाता त्या तिथेच उंबऱ्यात बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. त्या दिवशीचं पहिलं खरं रडणं, आणि तेही कुठलाच निरोप न मिळालेल्या बाईचं.

बुवा गादीपाशी गेले. गादी म्हणजे काय, एक घोंगडी, वर व्याघ्रचर्माचं छापील कापड, मागे तक्क्या. बुवांनी घोंगडीवरून हात फिरवला, लसणाची सालं झटकली, तक्क्या नीट उभा केला.

“ये,” म्हणाले. “बस.”

“बुवा?”

“बस इथं.”

सोमगीर थबकला. त्याचे गुडघे थरथरले, डोळे भरून आले. तो दाराकडे बघू लागला, जणू तिथून कोणी येऊन त्याला अडवणार होतं. “माझी लायकी नाही, बुवा,” तो म्हणाला, हात जोडले, एक पाऊल मागे सरला. बऱ्याच वेळाने, गुरूची आज्ञा म्हणून, अवघडून, घोंगडीच्या अगदी कडेला टेकला.

आता कबुली. पाथरवट खरा आहे. हार खरे आहेत, वाकलेली खुंटी अजून तशीच आहे. लसूण खरा, अंजिराबाईंचं रडणंही खरं. रचलंय ते एवढंच: सोमगीरचं थबकणं. गुडघे, भरलेले डोळे, ते मागचं पाऊल, ‘माझी लायकी नाही’, सगळं सांगणाऱ्याने पदरचं घातलंय. गोष्ट ऐकणाऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून.

तो थबकला नव्हता. बुवा ‘बस’ म्हणाले आणि तो बसला. मधोमध.

पुढचं पुन्हा खरं.

बुवांनी कोपऱ्यातली काठी घेतली. वहाणांत पाय घातले. रडणाऱ्या अंजिराबाईंच्या बाजूने उंबरा ओलांडला.

तक्क्याला पाठ लागल्यावर सोमगीरच्या मनात एकाएकी काहीतरी चमकलं. त्याने हाक मारली.

“बुवा… ही तालीमच आहे ना?”

बुवा वळले नाहीत.

“चालवण्याआधी बघायचं असतं, सौमित्र.”