हत्तिणीला दिलेला आराम

फार पूर्वी एका लहानशा संस्थानात चंद्रकळा नावाची हत्तीण होती. चाळीस वर्षं तिने राणीसाहेबांची अंबारी वाहिली. ती म्हातारी झाली तेव्हा राणीसाहेबांनी मायेने हुकूम दिला, "आता हिला एक पाऊलही चालवू नका. रोज टोपलीभर गुळाचे लाडू द्या."

माहूत गुलाबखान तिला रोज नदीवर नेत असे, ते थांबलं. चंद्रकळा अंगाने सुटत गेली. तिला सारखी तहान लागू लागली. पायात खिळा रुतला, ती जखम महिने उलटले तरी भरेना.

"गुलाब, मला नदीवर ने ना," ती म्हणे.

"हुकूम नाही गं," म्हणत तो तिचे पाय चेपत बसे.

शेवटी त्याने राणीसाहेबांपुढे हात जोडले. "सरकार, लाडू बंद करा. तिला चालू द्या."

राणीसाहेब दुखावल्या. "जन्मभर राबली ती. म्हातारपणी तिच्या तोंडचा घास काढून घेऊ?"

एका सकाळी चंद्रकळा उठलीच नाही. राणीसाहेब धावत आल्या आणि स्वतः लाडू भरवू लागल्या. चंद्रकळेने तो सोंडेने हळूच बाजूला सारला.

"तुम्ही माझ्यावर फार माया केलीत, बाईसाहेब. पण मला नदीवर जायचं होतं."

"चल, आत्ता जाऊ," राणीसाहेब रडत म्हणाल्या.

चंद्रकळेने पुढचे पाय रोवले, गुलाबखानाने खांदा लावला; पण ते जड अंग हललं नाही.

मग राणीसाहेबांनी घागर उचलली आणि त्या एकट्याच पायी नदीवर गेल्या. पाणी घेऊन परतल्या, तेव्हा गुलाबखान चंद्रकळेचे डोळे मिटत होता.