जोकीनबायची अंगठी

या गं बायांनो, या रे बाबांनो, मांडीला मांडी लावून बसा. गोष्ट रागाची आहे.

वसईच्या एका केळीच्या बागेत एक चिचुंद्री होती. एवढीश्शी. नाव तिचं जोकीन. आज जोकीनचं लग्न. नवरा इनास चिचुंद्रा कोट घालून उभा. फादर कासव चष्मा लावून उभे. घंटा वाजली. टण् टण्, टण् टण्!

अंगठ्या बशीत ठेवल्या होत्या. बशी कैतू खेकड्याच्या हाती. आता फादरांनी पवित्र पाणी शिंपडायचं. अंगठ्यांना आशीर्वाद द्यायचा. मग इनासने जोकीनच्या बोटात घालायची, जोकीनने इनासच्या. अशी रीत.

पण कैतूला धीर कुठला! "बघू तरी, मला कशी दिसते!"

त्याने जोकीनची अंगठी उचलली. नांगीवर चढवली. अन् पळाला तिरका तिरका, खर्र खर्र खर्र. शिरला बिळात.

"ए कैत्या! माझी अंगठी!"

बिळातून आवाज आला, "मला बसली, आता माझी!"

फादर म्हणाले, "पोरी, आधी आशीर्वाद, मग बोट. अंगठीच नाही, तर पाणी कशावर शिंपडू?"

झालं! जोकीनचं नाक लाल झालं. तिने पांढरा झगा वर धरला अन् निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु, चुक् चुक् चुक्!

वाटेत भेटला बोका. ऊन खात पडलेला.

"का गं जोकीन, लग्न सोडून कुठे?"

"बोकेदादा, बोकेदादा,
खेकडा अंगठी सोडेना,
अंगठीला आशीर्वाद मिळेना,
लग्न माझं लागेना!
खेकड्याला ओढ!"

बोका म्हणाला, "खेकड्याने माझं काय वाकडं केलंय? मी नाही ओढणार. जेवायला येईन हो. माझे वडे ठेव!"

"वडे म्हणे वडे!" जोकीनच्या मिशा ताठ झाल्या. निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु, चुक् चुक् चुक्!

वाटेत भेटला कुत्रा. हाडूक चघळत बसलेला.

"कुत्रेभाऊ, कुत्रेभाऊ,
बोका खेकडा ओढेना,
खेकडा अंगठी सोडेना,
अंगठीला आशीर्वाद मिळेना,
लग्न माझं लागेना!
बोक्यामागे धाव!"

कुत्रा म्हणाला, "बोक्याने माझं काय वाकडं केलंय? मी नाही धावणार. जेवायला येईन हो. माझे वडे ठेव!"

"वडे म्हणे वडे!" जोकीनचे कान तापले. निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु, चुक् चुक् चुक्!

वाटेत भेटला बैल. रवंथ करत उभा.

"बैलमामा, बैलमामा,
कुत्रा मागे धावेना,
बोका खेकडा ओढेना,
खेकडा अंगठी सोडेना,
अंगठीला आशीर्वाद मिळेना,
लग्न माझं लागेना!
कुत्र्यावर शिंगं रोख!"

बैल म्हणाला, "कुत्र्याने माझं काय वाकडं केलंय? मी नाही रोखणार. जेवायला येईन हो. माझे वडे ठेव!"

"वडे म्हणे वडे!" जोकीनची शेपटी काडीसारखी उभी राहिली. निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु, चुक् चुक् चुक्!

वाटेत भेटली गोमाशी. पाय चोळत बसलेली.

"माशीबाय, माशीबाय,
बैल शिंगं रोखेना,
कुत्रा मागे धावेना,
बोका खेकडा ओढेना,
खेकडा अंगठी सोडेना,
अंगठीला आशीर्वाद मिळेना,
लग्न माझं लागेना!
बैलाला चाव!"

माशी म्हणाली, "बैलाने माझं काय वाकडं केलंय? मी नाही चावणार. जेवायला येईन हो. माझे वडे ठेव!"

"तुझं तोंड केवढं, वडा केवढा!" जोकीनने पाय आपटला. थाड! निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु, चुक् चुक् चुक्!

वाटेत भेटली मोनू कोंबडी. पिल्लांसाठी माती उकरत होती.

"मोनूमावशी, मोनूमावशी,
माशी बैलाला चावेना,
बैल शिंगं रोखेना,
कुत्रा मागे धावेना,
बोका खेकडा ओढेना,
खेकडा अंगठी सोडेना,
अंगठीला आशीर्वाद मिळेना,
लग्न माझं लागेना!
माशीला टिप!"

कोंबडी उकरायची थांबली.

"खेकड्याने अंगठी घातली? आपली आपण?"

"आपली आपण!"

"आशीर्वादाच्या आधी?"

"आधी!"

कोंबडीची पिसं फुलली. फुस्स! "अगं, लग्नाची अंगठी कुणी आपली आपण घालतं का? ती दुसऱ्याने घालायची असते, मायेने. ही बघ माझी. माझ्या कोंबड्याने घातलेली. माती उकरते, चिखल तुडवते, पण बोटातून काढली नाही. अन् हा मेला खेळ करतो? चल!"

वड्यांचं नावसुद्धा काढलं नाही. पंख पसरून धावली. फडाड फडाड!

कोंबडी माशीला टिपायला गेली. "नको गं मावशी, चावते, चावते!"
माशी बैलाला चावायला गेली. "नको गं बाय, रोखतो, रोखतो!"
बैल कुत्र्यावर शिंगं रोखायला गेला. "नको रे मामा, धावतो, धावतो!"
कुत्रा बोक्यामागे धावला. "नको रे भाऊ, ओढतो, ओढतो!"
बोक्याने बिळात पंजा घातला. खस्सकन् खेकडा बाहेर!

"सोडतो, सोडतो!" कैतू रडू लागला. "पण निघत नाही गं!"

"निघत नाही? बघतेच!" जोकीनने त्याच्या पाठीवर पाय दिला. अंगठी धरली. ओढली, ओढली, ओढली...

पळक्!

"आता वडे?" सगळे ओरडले.

"गप बसा!" जोकीन म्हणाली. "आधी अंगठी!"

अंगठी बशीत गेली. फादरांनी डोळे मिटले. "देवा, या अंगठ्यांना आशीर्वाद दे. या दोघांची माया तुटू देऊ नको." पाणी उडालं. शिप् शिप्, शिप् शिप्!

जोकीनचं नाक अजून लाल. मिशा अजून ताठ. इनासने तिचा पंजा हातात घेतला. अंगठी हळूच सरकवली. "जोकीन, ही घे. मी तुझा."

जोकीनने त्याच्या बोटात घातली. "इनास, ही घे. मी तुझी."

मिशा हळूहळू खाली आल्या. मग तिने पंजा उंच केला. खेकड्याला दाखवला, बोक्याला दाखवला, कुत्र्याला, बैलाला, माशीला दाखवला.

"बघितलंत? ही माझी!"

अंगठी बोटात, वडे पोटात, गोष्ट माझी तुमच्या ओठात.