चेंबरवरचा थेंब

गाड्या आणि अवजारं आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. घाटातल्या गॅरेजमध्ये एक म्हातारी जीप आली. तिच्या इंजिनातून तेल गळत होतं आणि अगदी तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरवर काळा थेंब लोंबत होता.

“चेंबर फुटलाय, काढून टाका त्याला!” हातोडी म्हणाली.

चेंबरने इतकी वर्षं जिवापाड तेल सांभाळलं, पण आता त्यालाही वाटू लागलं की दोष आपलाच.

जुनं फडकं चेंबरला मायेने म्हणालं, “थांब बाळा, आधी पुसून तर बघू.” त्याने सगळं इंजिन वरपासून खालपर्यंत लख्ख पुसलं. जीपने इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने अगदी वरच्या झाकणाच्या कडेला तेल पाझरलं आणि ओघळत ओघळत चेंबरपर्यंत आलं.

झाकण ओशाळलं. “माझा बोल्ट सैल झालाय. मला ठाऊक होतं, पण मलाच काढून टाकतील अशी भीती वाटली.”

पान्याने बोल्ट हलकेच आवळला. आता चेंबर चांगलाच सुनावणार, म्हणून सगळे कान टवकारून बसले.

चेंबर म्हणाला, “वेड्या, इतके दिवस एवढी भीती एकट्यानेच सोसलीस होय?”